डोणीतले मासे

या, जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. देवळाच्या पायरीशी पाय धुवायची दगडी डोणी होती. आरोग्यसेविका मनस्वीने तिच्यात गप्पी मासे सोडले. “गुरवकाका, डासांच्या अळ्या खातात हे!” भागोजी गुरवाने मान डोलावली. पण सप्ताहात कीर्तनकारबुवांनी भूतदया अशी रंगवली, की भागोजीला डोणीत कोंडलेले जीव बघवेनात. त्याने ते कळशीतून नेऊन भाट्याच्या खाडीत सोडले. महिन्याभरात वाडीत डेंग्यू शिरला. कीर्तनात बुवांमागे सर्वांत खडा सूर धरणारी भागोजीची शेजारीण तुळसा त्यात गेली. मनस्वीने डोणीत वाटी बुडवली. अळ्या वळवळत होत्या. “काका, मासे कुठे गेले?” “खाडीत सोडले गो. दया आली त्यांची.” “अहो, ते आपल्या राखणीला होते!” भागोजीने डोणीत डोकावून पाहिले. “माशांची आली, तुळसाची नाय आली गो मला...” मंडळी, देवळात जाल तेव्हा तुळसाची आठवण काढा.