भाजलेल्या बोंबलाचा वास

फोनमधून वास जाऊ लागल्यापासून रोह्याच्या रस्त्यावर सुकी मासळी विकणाऱ्या हर्षालीचं गिऱ्हाईक पार नागपूरपर्यंत पोचलं होतं. मूठभर सुकट फोनजवळ धरायची, पलीकडच्यांनी वास घ्यायचा आणि पसंत पडली तर मागवायची. त्या दुपारी मात्र नागपूरचे पाटणे म्हणून एक गृहस्थ संकोचून म्हणाले, "ताई, माल नको. एक बोंबील भाजून नुसता वास पाठवाल का? आई मुरुडची. आता तिला कुणाची ओळख राहिली नाही. चार दिवस झाले, बोलत नाही, घास तोंडात घेत नाही."

समोर गिऱ्हाइकं ताटकळली होती. "जरा थांबा हां," असं त्यांना सांगून हर्षालीने चांगला जाडसर बोंबील निवडला आणि शेजारच्या कणीसवालीच्या शेगडीवर ठेवला. धूर निघताच तिने फोन जवळ नेला. पडद्यावर म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. हर्षालीच्या डोळ्यांत धूर गेला, तरी फोन धरलेला हात तिने हलवला नाही.

बऱ्याच वेळाने म्हातारीचं नाक हललं. तिने मान वळवली.

"अगो पोरी, करपतोय तो! उलट की!"

पाटण्यांचा हुंदका ऐकू आला. हर्षालीने चटका सोसत बोटांनीच बोंबील उलटला. "उलटला, आजी."

म्हातारी कोपरावर भार देऊन उठू लागली.

"मग भाकरी कुठाय?" तिने विचारलं.