बिसरामचा आवाज

ड्रोन सागाच्या शेंड्यांवरून घरघरत आला, तेव्हा फुलय आपल्या लेकीला, सुगरतीला, कुशीत घेऊन घळीत दडली होती. खाणीसाठी वस्ती उठवायला माणसं आली, तशा दोघी रानात पळाल्या होत्या.

“तो पुढं गेला की ओढ्याकडं पळायचं,” फुलय निहालीत कुजबुजली. बाहेरच्या कुणाला ही बोली कळत नसे. आजवर तोच त्यांचा आडोसा होता.

ड्रोन थबकला आणि ओढ्याच्या वाटेवर जाऊन थांबला. फुलयचं कुजबुजणं त्याला कळलं होतं.

मग वरून निहालीतच हाक आली, “पोरींनो, बाहेर या. भिऊ नका.”

आवाज तिच्या बापाचा होता. बोली जगावी म्हणून बिसरामनं मरण्याआधी शहरातल्या लोकांच्या यंत्रापुढं बसून महिनोन्‌महिने गोष्टी सांगितल्या होत्या. शाळेत त्याच आवाजाकडून सुगरती निहाली शिकली होती.

फुलयनं लेकीचं तोंड घट्ट दाबलं. पोरीनं हात झटकला.

“आई, आजा बोलावतोय!” ती आनंदानं म्हणाली आणि उभी राहून ओरडली, “आजा, आम्ही इथं आहोत!”