टिल्लीचं माप

बेसबॉलचा सराव संपला की बॅटी कोरड्या पुसायच्या, जाळीची घडी घालायची आणि ज्या स्टँडवर चेंडू ठेवून फटका मारतो तो पार खाली करून खोलीत ठेवायचा, हे मी मुलींना रोज समजावतो. तरी सकाळी कुलूप काढलं की स्टँड वर आलेला असतो, मागच्या वर्षी तापाने गेलेल्या आमच्या संघातल्या टिल्लीच्या कमरेइतका.

"स्क्रू ढिला झालाय, सर."

"पोरींनो, ढिला झाला तर स्टँड खाली येईल. वर कसा जाईल?"

हे कळल्यापासून टिल्लीची आई रोज माझ्याआधी दाराशी उभी असते. आज तिने स्टँड स्वतःच्या अंगाला लावून पाहिला आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली.



"सर, दोन बोटं वाढली हो पोरगी!"