तेवढा एक शनिवार

"येत्या शनिवारी तिला पाठवणार नाही. तेवढा एक शनिवार सोडा, मग येईल नेहमीसारखी," मुलीची आई म्हणाली.

काकूंनी गाजरं सोलता सोलता मान वर केली. बाई थेट कामावरून आली होती. अंगात धुलाई कारखान्याचा निळा एप्रन, हातांवर इस्त्रीचे चटके. दारातच उभी होती, आत यायचं नाव नाही.

"का हो? कुठे गावाला जाताय?"

"नाही. तिला मातीचा त्रास होतो. खाज सुटते."

चक्क थाप! पोरगी सगळा उन्हाळा कोपरापर्यंत हात मातीत घालून बसली होती, एकदासुद्धा खाजवलं नव्हतं. काकूंनी सोलाणं खाली ठेवलं.

वस्तीतल्या बायकांच्या मंडळानं सभागृहामागच्या पडीक जागेत ही बाग उभी केली होती. मुलांनी लावायचं, मुलांनी तोडायचं, मुलांनीच शिजवायचं आणि पोटभर खायचं. शिजवायला शिकवायच्या काकू, बाग बघायचे माळीमामा. आणि वर्गातली सगळ्यात गुणी पोर म्हणजे या बाईची लेक. दोन्ही गाल भरभरून खायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत.

आली तेव्हा मात्र नुसती हाडं. घरी खायचीच नाही. पाव खायची, केळं खायची, पण आईनं शिजवलेल्या घासाला तोंड लावायची नाही. का, ते काकूंनी एकदा विचारलं होतं.

"आईच्या हातचं खाऊन माझा धाकटा भाऊ गेला," भोपळा चिरता चिरता ती म्हणाली होती. "मी नाही खाणार."

गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. चार वर्षांचं पोर सकाळी अंगणात खेळत होतं आणि रात्री गेलं. आईनं डॉक्टरांपुढे, पोलिसांपुढे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, शिळं होतं, मीच भरवलं. नवरा त्याच महिन्यात घर सोडून गेला. शेजारणी तिला नळावर बघून तोंड फिरवायच्या. काकूही त्यातल्याच, उगाच खोटं कशाला बोला!

आणि आता हीच बाई लेकीला वर्गाला पाठवत नव्हती.

"हे बघा," काकू म्हणाल्या, "शनिवारी काही खड्डे खणायचे नाहीत. मामा मुलांना कुंपणाकडेनं फिरवणार, झाडंझुडपं ओळखायला शिकवणार. मग सगळे मिळून भाजी करणार. कसली खाज नि कसलं काय?"

"तेच नको. चिरणं शिकवा, भाजणं शिकवा, हवं तर चुलीपुढे बसवा. पण ते फिरणं नको. मी पाया पडते तुमच्या."

"पण का?"

बाई एप्रनचा कोपरा मुठीत चुरगाळत राहिली.

"पोरगी इथे दोन घास पोटभर खाते, ते बघवत नाही का तुम्हाला?"

"तसं नाही हो. खाऊ दे की. माझ्या हातचं खात नाही, नको खाऊ दे. माझ्यावर राग धरलाय तो धरू दे. त्याचं मला काही नाही."

काय बाई आहे ही! लेकरू आपल्या हातचं खात नाही आणि हिला त्याचं काही नाही! काकूंच्या जिभेला तसंही हाड नव्हतं.

"एक लेकरू घालवलंत," त्या म्हणाल्या, "दुसरं तरी जगू द्या."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती वळली आणि निघून गेली. आपण बोललो ते जास्तच झालं, असं काकूंना क्षणभर वाटलं. मग त्यांनी सोलाणं उचललं आणि उरलेली गाजरं रागारागानं सोलून टाकली.

शनिवारी खारूताई आली नाही. काकूंना राहवेना. त्या सरळ तिच्या घरी गेल्या. आई कामावर होती. पोरगी पायरीवर हनुवटीला हात लावून बसली होती.

"आईनं जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आईचं मी बघते. ऊठ, चप्पल घाल."

एवढं म्हणायची खोटी, पोरगी टुणकन उठली. काकूंचं बोट धरून रस्ताभर बडबडत राहिली. काकूंना आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. आपण एका जिवाला वाचवतोय, याहून मोठं काय असतं?

मामांची फेरी निम्मी झाली होती. चिवळ दाखवली, ती खायला चालते. शेवग्याचा पाला दाखवला, तोही चालतो. मग ते कुंपणाच्या कोपऱ्यात, गुलाबी फुलांच्या उंच झुडपापाशी थांबले.

"ही कण्हेर. दिसायला झकास, पण जातीची विषारी. हिचं पान पोटात गेलं तर माणूस हातचा जातो. बघायचं, हात लावायचा नाही. कळलं?"

पोरं झटकन मागे सरली. तेवढ्यात फाटक वाजलं. निळ्या एप्रनमधली आई धापा टाकत आत येत होती. रिकामं घर बघून धावत आली असावी.

"तिला पाठवा इकडे! काकू, तिला आधी इकडे पाठवा!"

काकू दोन्ही हात कमरेवर ठेवून तिला आडव्या गेल्या. आज हिला पोरीला हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मागे खारूताई हसत होती.

"काहीतरीच काय मामा! ही तर सुपात घालायची तमालपत्राची पानं, आईच्या बरणीत असतात तसली. धाकटा गेला ना, त्या दिवशी दुपारी त्याला भूक लागली होती, तर मीच सूप केलं होतं ही घालून. मी चाखलंसुद्धा नाही, सगळं त्यालाच दिलं."