उन्हाळी टायर

गाडी जॅकवर वर गेली तेव्हा शंतनूने मान दुसरीकडे वळवली.

"टायर चांगले आहेत तुमचे," दुकानदार म्हणाला. "पण उन्हाळी आहेत. थंडीत दगड होतात यांचे. श्रूजबरीत नोव्हेंबरमध्ये असल्या टायरवर कोण फिरतं?"

"हाच फिरतो," मोरेश्वरकाका मराठीतच पुटपुटले. काका म्हणजे शंतनूचे घरमालक. त्यांच्या बेसमेंटमध्ये तो एकटा राहायचा. सकाळी तो त्यांना रक्ततपासणीला घेऊन गेला होता. परत येताना उतारावरच्या स्टॉप साइनला त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायचं सोडून घसरतच गेली. बर्फ नाही, पाऊस नाही, नुसती थंडी. समोरून कचऱ्याचा ट्रक हात-दोन हातांवरून गेला. काकांना घाम फुटला होता, पण ते एवढंच म्हणाले, "घरी नको. आधी टायरवाल्याकडे चल. उपाशीपोटी मरायची माझी तयारी नाही."

हे टायर पश्चिम किनाऱ्यावरच्या उबदार सनीव्हेलमध्ये घेतलेले. ना स्वस्तातले, ना महागातले. आपल्या माणसापुढे तीन भाव ठेवले की त्याचा हात मधल्यावरच जाणार. तरी तो आणि स्वानंदी कित्येक संध्याकाळी लोकांचे अनुभव वाचत बसले होते. लग्न ठरवताना दोघांनी एकमेकांची एवढी चौकशी केली नव्हती. कोरड्या रस्त्यावर झकास. पावसात ठीक. हायवेला जरा आवाज करतात. एका बाईंनी लिहिलं होतं, थंडीच्या गावात चुकूनही घेऊ नका. स्वानंदी हसली होती. "थंडी? इथे?"

मग त्याची नोकरी गेली, आणि दुसरी मिळाली ती देशाच्या पार या टोकाला, श्रूजबरीत. स्वानंदीचा जॉब तिकडे, अनिकाची शाळा तिकडे. निघताना त्याने अनिकाला सांगितलं होतं, बर्फ पडायच्या आत बाबा ही गाडी घेऊन परत येईल. काका ऑक्टोबरपासून स्नो टायरचं टुमणं लावून होते. तो "बघू काका" म्हणून वेळ मारून न्यायचा. स्नो टायर घेतले की हिवाळा इथेच काढायचा हे कबूल केल्यासारखं होतं, आणि ते त्याला नको होतं.

आज मात्र पर्याय नव्हता. तासाभरात गाडी नव्या टायरवर उभी राहिली.

"जुने इथेच ठेवता येतील," दुकानदार म्हणाला. "एप्रिलमध्ये या, परत चढवून देतो."

"नको," शंतनू घाईने म्हणाला. "मी घेऊन जातो. मला कधीही लागतील."

दोन टायर डिकीत मावले. तिसरा मागच्या सीटवर बसला. चौथ्याच्या जागेवर अनिकाची बूस्टर सीट होती, छोट्या मुलांना उंच बसवायची ती. तिला पट्टा लावलेला होता. दुकानदाराने पट्टा सोडायला हात घातला.

"त्याला हात लावू नका!" शंतनू इतक्या जोरात म्हणाला की आपल्याच आवाजाने तो ओशाळला.

"अरे, मी घेतो ती मांडीवर," काका म्हणाले. "मला काय जड आहे?"

तेवढ्यात फोन वाजला. शनिवारचा व्हिडिओ कॉल. सनीव्हेलमध्ये आत्ता कुठे सकाळ होत होती. अनिकाचे केस विंचरायचे होते अजून.

"बाबा, व्हेअर आर यू? आर दोज स्नो टायर्स?"

"हो गं."

ती नुसतं "ओके" म्हणाली. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला, तेव्हा तिला मागची सीट दिसली.

"व्हाय इज माय बूस्टर देअर? बाबा, आय डोंट यूज दॅट एनीमोर. आय ॲम टॉल नाऊ."

स्वानंदीने फोन घेतला. "अरे, ऑगस्टपासून बसत नाही ती बूस्टरवर. तुला सांगितलं नव्हतं का मी?"

"सांगितलं असशील."

"आणि टायर घेतलेस ते फार बरं केलंस." तिचा आवाज दमलेला होता. "रोज सकाळी उठले की आधी तुझ्याकडचं हवामान बघते रे मी. किती दिवस म्हणणार होते, घे म्हणून. पण म्हटलं, तुला वाटेल मीच तुला तिकडे राहा म्हणतेय."

संध्याकाळी करतो, असं म्हणून शंतनूने फोन ठेवला. मग त्याने मागच्या सीटवरचा टायर स्वतःच ओढून खाली काढला.

"ठेवा इथेच," तो दुकानदाराला म्हणाला. "एप्रिलपर्यंत."

डिकीतलेही दोन उतरले. दुकानदाराने चारही टायरवर नावाचं लेबल चिकटवलं आणि ते एकेक करून आत ढकलत नेले. हाताला लागलेलं काळं शंतनू पँटला पुसत राहिला.

काकांनी गाडीत डोकावून पाहिलं. "मग आता ही सीटपण काढू या की. रिकामी कशाला फिरवायची?"

शंतनूने मागचं दार लावलं.

"राहू द्या काका. एका दिवसाला एवढं पुरे."