मास्तरांची गाडी गप्प होते

मास्तरांनी गाडीच्या दारावर टिचकी मारली. परवापर्यंत ते दार रिकाम्या डब्यासारखं टण्ण वाजायचं. आज नुसतं ठप्प झालं. त्यांनी पुन्हा एक मारली, मग बायकोलाही मारायला लावली.

"ऐकलं," बायको म्हणाली. "आता मला नवं लाटणं आणून द्या. हे गाडीलाच ठेवा."

आवाज खाणारी ती चिकट शीट पत्र्यावर दाबून बसवायला दुकानदाराने रूळ घ्या म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी घरातलं लाटणं उचललं होतं.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे आणि अख्खी वस्ती त्यांना भोंगा मास्तर म्हणायची. गाडी जुनी, पत्रा पातळ. इंजिन सुरू झालं की शेजारी बसलेल्यालासुद्धा बोंब मारूनच सांगावं लागायचं. शिकणारी माणसं घाबरायची, पण शिकायची. गेल्या आठवड्यात लेकीचं शिकाऊ लायसन्स आलं आणि जेवता जेवता तिने शांतपणे सांगून टाकलं, की ती नाक्यावरच्या दुसऱ्या क्लासला जाणार आहे. मास्तरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आईने जगाचे कपडे शिवायचे आणि लेकीने आपले बाहेर शिवायला टाकायचे, तसलाच हा प्रकार. वस्तीत तोंड कुठे दाखवायचं?

"मी ओरडत नाही," ते म्हणाले, "गाडी ओरडते."

"मग गाडीला गप्प करा," लेक म्हणाली. "तुमच्याकडेच शिकेन."

मास्तरांनी आधी स्वस्तात स्वस्त म्हणून गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबराची शीट आणली. डिकीत एक तुकडा लावून गाडी उन्हात उभी केली. संध्याकाळपर्यंत तुकडा घसरून खाली आला आणि गाडीत नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्याचा वास सुटला. मग रबरासारखी, वरून चंदेरी कागद असलेली शीट पाहिली. ती उत्तम होती. पण सगळ्या गाडीला लावायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तोडगा काढला तो बायकोने. वस्तीतले निम्मे कपडे तिच्या मशीनखालून जायचे. तिने उघड्या पत्र्यावर बोटांनी टकटक करून पाहिलं आणि जिथे जास्त वाजत होतं तिथे खडूने खुणा केल्या.

"कॅनव्हास कॉलरला घालतात," ती म्हणाली, "अख्ख्या शर्टाला नाही."

तिने वर्तमानपत्राचे नमुने कापले, ते शीटवर असे काही फिरवून मांडले की कातरण मूठभरही निघालं नाही. चंदेरी शीटच्या एका खोक्यात दारं झाली, पायाखालचा पत्रा झाला, वर फोम अंथरला. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती मास्तर उत्साहाच्या भरात बुजवायला निघाले होते. तिने वेळेवर हात धरला.

आता लेक जिना उतरून आली आणि स्टिअरिंगसमोर बसली. मास्तर शेजारी बसले. शिकवायच्या गाडीत असतो तसा त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. पाय सवयीने त्यावर गेला. लेकीने चावी फिरवली. इंजिन शेजारच्या घरात कुठेतरी चालू असावं तसं वाटलं. तिने गिअर टाकला.

"क्लच!" मास्तर ओरडले.

त्या शांत गाडीत तो आवाज केवढा तरी मोठा झाला. लेक दचकली, क्लचवरचा पाय सुटला, गाडी आचका देऊन बंद पडली.

"बाबा," ती म्हणाली, "मी इथेच बसलेय."

गाडी तर गप्प झाली होती, आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. ही आता दार उघडून सरळ नाक्यावर जाणार, असं त्यांनी धरूनच टाकलं.

लेकीने पुन्हा चावी फिरवली. आणि मास्तरांना बारीकसं पुटपुटणं ऐकू आलं.

"क्लच पूर्ण दाब. पहिला गिअर. आरशात बघ. घाई करू नकोस, रस्ता कुठे पळून जात नाही."

गाडी अलगद हलली. शब्द न् शब्द मास्तरांचा होता. शेवटचं वाक्य तर ते फक्त रडवेल्या झालेल्या माणसांनाच सांगायचे.

"हे कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं, आणि आपला आवाज किती हळू येऊ शकतो याचं त्यांनाच नवल वाटलं.

"गॅलरीत," लेक समोर बघत म्हणाली. "लहानपणापासून. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं ऐकू यायचं तुमचं."

मास्तरांची छाती अशी फुगली की सीटचा पट्टा आवळला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. इतक्या वर्षांची बोंब फुकट गेली नव्हती. वर वाळत घातलेल्या कपड्यांमागे उभं राहून एक पोर ती पाठ करत होती. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला, चपला सोडल्या आणि चक्क मांडी घालून बसले.

नाका आला. दुसऱ्या क्लासचा मास्तर आपल्या पाटीखाली उभा होता. लेकीने कोणी न सांगता आरसा पाहिला, गिअर उतरवला आणि गाडी हळू केली.

"काच खाली करा, बाबा," ती म्हणाली. "इथे ओरडलात तरी चालेल."