भिंतीत उघडणारं दार

घरांचे नकाशे काढायच्या त्या सॉफ्टवेअरच्या पोटात श्यामसुंदरने लिस्प नावाची प्रोग्रामिंगची भाषा बसवली होती. त्यामुळे सॉफ्टवेअर चालू असतानाच त्याला नवे नियम शिकवता येत, आणि ते मोडणाऱ्याला काय ऐकवायचं तेही. श्यामसुंदर वारला, पण त्याचे टोमणे पडद्यावर उमटतच राहिले: ‘दार भिंतीत उघडतंय, आत जायला वाटच नाही. पाहुणे नको असतील तर तशी पाटी लावा.’

हडपसरच्या ऑफिसात त्याच्या जागेवर आलेल्या सौमित्रला ते वाचताना दर वेळी मागे वळून बघावंसं वाटे. गेलेल्या माणसाची बोलणी किती दिवस खायची, म्हणून त्याने लिस्प मुळासकट उपटली आणि गिऱ्हाइकांना नवी सीडी पाठवली. आता दार चुकलं की सॉफ्टवेअर ते मुकाट्याने सरळ करी.

आठवड्याभरात सदाशिव पेठेतून एका आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. भिंतीत उघडणारं दार आता आखताच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

सौमित्रला हसू आलं. “मॅडम, चुकीचं दार हवंय कशाला? उलट आता ते टोमणेसुद्धा ऐकावे लागणार नाहीत.”



“रोज सकाळी कामाला बसले की एक दार मी मुद्दाम चुकीचं आखायचे,” बाई म्हणाल्या.



“आमचे हे गेले, तरी तेवढं एकदा मला टोचून बोलायचे.”